माद्रिद, तोलेदो, सेगोविया: पाच रात्रींचा आराखडा आधी वार पाहून बसवा

सोमवारी एल एस्कोरियाल, मंगळवारी रेईना सोफिया, रविवारी सकाळी तोलेदोचं कॅथेड्रल. माद्रिदला निघालेल्या मंडळींच्या आराखड्यांत या तीन जोड्या पुन्हा पुन्हा दिसतात, आणि तिन्ही वेळा दार बंद असतं. एल एस्कोरियालचा राजवाडा-मठ सोमवारी बंद, रेईना सोफिया संग्रहालय मंगळवारी बंद आणि तोलेदोच्या कॅथेड्रलमध्ये रविवारी सकाळी पर्यटकांना प्रवेश नाही. एवढा खर्च करून, रजा टाकून गेल्यावर पिकासोचं ‘गेर्निका’ किंवा चित्रकार एल ग्रेको हुकला, तर त्याची हळहळ फार दिवस राहते.

चूक माहितीची नसते, क्रमाची असते. बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करतात, मग ती दिवसांत वाटतात आणि वार शेवटी बघतात. हा लेख उलट्या क्रमाने जातो: आधी वार, मग गावं, मग स्थानकं, मग तिकिटं.

## टप्पा १: कोऱ्या कागदावर फक्त वार लिहा

विमान ठरवण्याआधीच हे करा. सात वार एकाखाली एक लिहा आणि त्यांच्यासमोर काय बंद असतं ते भरा.

सोमवार: एल एस्कोरियाल बंद, आरांख्वेसचा राजवाडा बंद. तोलेदोतलं एल ग्रेको संग्रहालय आणि त्रान्सितो सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) बंद. माद्रिदजवळच्या अल्काला दे एनारेसमधलं ‘डॉन किहोते’कार सर्व्हांतेसचं जन्मघर बंद. माद्रिदमधलं देबोदचं इजिप्शियन मंदिरही आतून बंद.

मंगळवार: रेईना सोफिया बंद. पिकासोचं ‘गेर्निका’ हे चित्र इथेच आहे, त्यामुळे हा वार चुकवून चालत नाही.

रविवार: तोलेदोचं कॅथेड्रल दुपारनंतरच उघडतं. रेईना सोफिया दुपारी अडीचला बंद होतं. एल रास्त्रो हा मोठा रस्त्यावरचा बाजार मात्र रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशीच, सकाळी भरतो.

आता उरलेलं चित्र पाहा. प्रादो संग्रहालय आठवड्याचे सातही दिवस उघडं असतं. सेगोवियाचा आल्काथार किल्ला सोमवारीही उघडा असतो, आणि तिथल्या रोमन जलवाहिनीला तर दारच नाही. त्यामुळे सोमवार मध्ये येत असेल तर तो सेगोवियाला द्या. ही एक गोष्ट केली की अर्धा आराखडा आपोआप बसतो.

रजेबाबत हात मोकळा असेल तर माझा आग्रह स्पष्ट आहे: मंगळवारी उतरा, रविवारी संध्याकाळी निघा. मग सोमवार मध्ये येतच नाही, मंगळवारचं बंद संग्रहालय तुमच्या पोहोचण्याच्या दिवशी पडतं आणि दोन्ही गावं शनिवार-रविवारची गर्दी टाळून होतात.

> सावधान: स्पेनमधली कॅलेंडरं सोमवारपासून सुरू होतात. कालनिर्णय बघायची सवय असलेल्या नजरेला पहिला रकाना रविवारच वाटतो आणि तिकीट एक दिवस चुकीचं निघतं. वेळापत्रकांत वारांची अक्षरंही फसवतात. क्रम असा: एल, एम, एक्स, जे, व्ही, एस, डी. ‘एम’ म्हणजे मंगळवार आणि ‘एक्स’ म्हणजे बुधवार.

## टप्पा २: सुट्ट्या प्रत्येक गावाच्या वेगळ्या तपासा

माद्रिद, तोलेदो आणि सेगोविया ही तीन ठिकाणं स्पेनच्या तीन वेगवेगळ्या स्वायत्त प्रांतांत येतात. त्यामुळे प्रांतिक सुट्टी एकाच दिवशी नसते. २३ एप्रिलला कास्तिया इ लेओनची, म्हणजे सेगोवियाची सुट्टी. २ मे ही माद्रिद प्रांताची. ३१ मे ही कास्तिया-ला मांचाची, म्हणजे तोलेदोची. शिवाय माद्रिद शहरापुरत्या दोन सुट्ट्या: १५ मे हा सान इसिद्रो या संताचा दिवस आणि ९ नोव्हेंबर आल्मुदेना या मेरीमातेचा. १ मे, १२ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, ६ आणि ८ डिसेंबर या देशभरच्या सुट्ट्या.

याचा परिणाम दुहेरी असतो. ज्या गावाची सुट्टी, तिथल्या वेळा बदलतात. आणि माद्रिदला सुट्टी असली की माद्रिदकर तोलेदो-सेगोवियाला निघतात, मग गाड्या भरतात. सुट्टी गुरुवारी आली तर शुक्रवारही जोडून घ्यायची तिथे रीतच आहे. तोलेदोत कोर्पुस क्रिस्तीचा उत्सव मोठा असतो. त्याची तारीख ईस्टरवर ठरते, साधारण मेअखेर ते जून. मिरवणूक सुंदर असते, पण स्मारकं बघायला तो दिवस नको.

ऑगस्टमध्ये दुपारी ३५ अंशांच्या वर तापमान नेहमीचं आणि घरगुती खानावळी कित्येक आठवडे बंद. एप्रिल-मे आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर हे महिने चालण्याला सगळ्यात सोयीचे.

## टप्पा ३: गावं दोनच घ्या

पाच रात्रींत तोलेदो, सेगोविया, आविला, एल एस्कोरियाल आणि जमलं तर क्वेंका, अशी यादी हमखास दिसते. नकाशावर सगळं तासाभराच्या आत दिसतं, पण तो तास फक्त गाडीतला. हॉटेल ते स्थानक, सामान तपासणी, उतरल्यावर गावात जाणारी बस आणि चढ धरला की प्रत्येक गावाला जाता-येता तीन तास जातात.

म्हणून पाच रात्रींना दोन गावं, पूर्ण दोन दिवस. तिसरं हवंच असेल तर अर्ध्या दिवसाचं घ्या: अल्काला दे एनारेस. सर्कानियास लोकलने (मार्ग सी-२ किंवा सी-७) पाऊण तासाच्या आत पोहोचता येतं, आरक्षण लागत नाही आणि गाव सपाट आहे.

> सावधान: तोलेदो आणि सेगोविया एकाच दिवशी करू नका. एक माद्रिदच्या दक्षिणेला, दुसरं वायव्येला. ‘एका दिवसात दोन्ही’ अशा बससहली विकल्या जातात. त्यांत दोन्ही गावांचे चौक दिसतात, आत काय आहे ते दिसत नाही.

## टप्पा ४: स्थानक बघून मुक्काम निवडा

इथे होणारी चूक सगळ्यात महाग पडते. माद्रिदला दोन मोठी रेल्वे स्थानकं आहेत. तोलेदोची गाडी आतोचाहून सुटते, सेगोवियाची चामार्तिनहून. एक शहराच्या दक्षिणेकडे, दुसरं उत्तरेकडे. ‘माद्रिदहून गाडी आहे’ एवढंच डोक्यात ठेवून निघालेली माणसं चुकीच्या स्थानकावर उभी राहतात.

बसची स्थानकं आणखी वेगळी. तोलेदोच्या बस प्लाझा एलिप्तिकाहून, तर सेगोविया आणि एल एस्कोरियालच्या मोंक्लोआहून.

मुक्काम ठरवताना हॉटेलचा फोटो नंतर बघा, आधी मेट्रोचा नकाशा उघडा. मार्ग १ आतोचा आणि चामार्तिन या दोन्ही स्थानकांना जोडतो आणि मध्ये आंतोन मार्तिन, तिर्सो दे मोलिना, सोल, ग्रान विया अशी थांबे घेतो. या पट्ट्यात राहिलात तर कुठल्याही सकाळी गाडी बदलावी लागत नाही. सोलहून मार्ग ३ थेट मोंक्लोआला जातो. सोलहून चामार्तिनला जायला मेट्रोपेक्षा सर्कानियास लोकल बरीच जलद. थेट सोल चौकात रात्री गोंगाट असतो, म्हणून आई-वडील सोबत असतील तर आंतोन मार्तिनच्या बाजूला बघा. तिथून प्रादो आणि रेईना सोफिया दोन्ही पायी जमतात.

मेट्रोसाठी ‘तार्खेता मुल्ती’ हे लाल कार्ड घ्या. दहा फेऱ्यांचं तिकीट भरलं तर एकच कार्ड घरातल्या सगळ्यांना चालतं, प्रत्येकासाठी एकदा टेकवायचं. विमानतळावरून मेट्रोने येताना वेगळा अधिभार लागतो.

तपासा: कागदावर आता प्रत्येक गावासमोर स्थानकाचं नाव लिहिलेलं आहे का? फक्त ‘माद्रिद’ असेल तर खोडा आणि नीट लिहा.

## टप्पा ५: तिकिटांचा क्रम

1. रद्द करता येणारं हॉटेल. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला दिवसवार आराखडा आणि मुक्कामाचा पुरावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशीर १५ दिवस आधी, पण तेवढं ताणू नका. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं काहीही घेऊ नका.

2. रेल्वे. तोलेदो आणि सेगोवियाच्या ‘आवांत’ गाड्यांत आसन आरक्षित असतं. सकाळच्या गाड्या, विशेषतः तोलेदोच्या, भरून जातात. सेगोवियाला त्याच मार्गावरून आवे आणि आल्विया या लांब पल्ल्याच्या गाड्याही थांबतात. वेळ जवळपास तेवढाच, भाडं जास्त. नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर आधी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते पाहा.

3. राजवाडा. माद्रिदचा राजवाडा सरकारी समारंभांसाठी अधूनमधून बंद ठेवतात. अधिकृत संकेतस्थळावर तारीख बघूनच वेळेचं तिकीट घ्या आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.

4. प्रादो आणि रेईना सोफिया. शेवटी घेतली तरी चालतात.

> सावधान: ‘फुकट वेळ’ वाचून आराखडा बदलू नका. प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ मोफत असतं हे खरं, पण रांग मोठी असते आणि आत पोहोचेपर्यंत वेळ खर्ची पडतो. राजवाड्याची मोफत वेळ युरोपीय संघ आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर ती मिळत नाही. प्रादोसाठी पैसे भरा आणि सकाळी दहाला जा. वेलास्केथचं ‘लास मेनिनास’, गोयाची काळी चित्रं आणि बॉशचं ‘पृथ्वीवरील सुखांचं उद्यान’ एवढं नीट बघायलाही अडीच तास लागतात.

## टप्पा ६: तोलेदोचा दिवस

हा दिवस पोहोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी ठेवा. भारतातून पश्चिमेला गेल्यावर शरीराचं घड्याळ पुढे असतं. फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. पहाटे चार-पाचला जाग येते आणि रात्री आठला डोळे मिटतात. लवकरच्या गाडीसाठी हे फायद्याचं आहे. रात्री उशिराचा फ्लामेंको मात्र तिसऱ्या दिवसानंतरच ठेवा.

६.१ गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी आतोचाला पोहोचा. सामान यंत्रातून जातं आणि दारं सुटण्याच्या वेळेच्या थोडं आधीच बंद होतात. प्रवास साधारण ३५ मिनिटांचा.

६.२ तोलेदोचं स्थानक नदीच्या पलीकडे, गावाबाहेर आहे. अल्कांतारा पुलावरून चढत सोकोदोव्हेर चौकात यायला वीस-पंचवीस मिनिटं. चढ खरा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी स्थानकाबाहेरून शहर बस घ्यावी. चढण्याची ताकद गावातल्या गल्ल्यांसाठी राखून ठेवा.

६.३ आधी कॅथेड्रल. दहाला उघडतं आणि सहलीच्या बस येण्याआधीचा पहिला तास सगळ्यात शांत असतो. वेदीमागचं ‘त्रान्सपारेन्ते’ हे शिल्पकाम सकाळच्या उजेडात बघा. छताला भोक पाडून प्रकाश आत घेतलेला आहे.

६.४ तिथून पश्चिमेकडे चालत राहा: सांतो तोमे चर्चमध्ये एल ग्रेकोचं ‘ओर्गाथच्या सरदाराचं दफन’, मग ज्यू वस्तीतलं त्रान्सितो, सांता मारिया ला ब्लांका, आणि शेवटी सान ख्वान दे लोस रेयेस मठ. हा क्रम उताराच्या बाजूने जातो. उलटा घेतला तर दिवसभर चढत बसाल.

६.५ तिकिटांसाठी ‘पुल्सेरा’ नावाचा मनगटी पट्टा मिळतो. सांतो तोमे, सांता मारिया ला ब्लांका, सान ख्वान दे लोस रेयेस, क्रिस्तो दे ला लुस मशीद अशी सात स्मारकं त्यात येतात. कॅथेड्रल आणि त्रान्सितो त्यात येत नाहीत. दोन-तीनच ठिकाणं बघणार असाल तर बेरीज करूनच घ्या.

६.६ दुपारनंतर शहर बस किंवा टॅक्सीने नदीपलीकडच्या मिरादोर देल व्हायेला जा. तिन्ही बाजूंनी ताखो नदीने वेढलेलं अख्खं गाव समोर दिसतं. गावात फिरताना आपण कुठल्या टेकडीवर होतो ते इथे आल्यावरच कळतं. हे टाळू नका.

६.७ परतीला रेल्वेऐवजी बस घेतलीत तर वेळेचं बंधन राहत नाही. प्लाझा एलिप्तिकाला जाणाऱ्या बस वारंवार असतात. फलकावर ‘दिरेक्तो’ लिहिलेलीच घ्या, दुसरी वाटेतल्या गावांत थांबत जाते. बसस्थानकावर उतरायला सरकते जिने आहेत.

तपासा: पायांत घट्ट तळव्याचे बूट आहेत ना? तोलेदोच्या गोट्यांच्या गल्ल्यांत चपला आणि चाकांची बॅग दोन्ही त्रास देतात.

## टप्पा ७: सेगोवियाचा दिवस

तिकीट काढताना पोहोचायचं स्थानक सेगोविया-गियोमार निवडा. ‘सेगोविया’ नावाचं जुनं स्थानक वेगळं आहे. तिथे डोंगरातून जाणारी संथ गाडी येते आणि तिला दोन तास लागतात. चामार्तिन ते गियोमार अर्धा तास.

गियोमार माळरानावर आहे, गावापासून काही किलोमीटर दूर. बाहेर ११ क्रमांकाची बस उभी असते, ती थेट जलवाहिनीपाशी सोडते. ही बस गाड्यांच्या वेळांशी जुळवलेली आहे. म्हणून उतरल्यावर फोटो काढत रेंगाळू नका. ती गेली तर पुढच्या गाडीपर्यंत थांबा किंवा टॅक्सी शोधा. परतीलाही गाडीच्या किमान पाऊण तास आधी जलवाहिनीपाशी परत या.

गाव लांबट आहे: पूर्व टोकाला जलवाहिनी, पश्चिम टोकाला आल्काथार, मध्ये प्लाझा मायोर आणि कॅथेड्रल. जलवाहिनी खालून बघितली की शेजारच्या पायऱ्यांनी पोस्तिगोच्या सज्जावर चढा. चुन्याशिवाय रचलेले ग्रॅनाइटचे चिरे तिथून डोळ्यांच्या रेषेत येतात. मग मुख्य रस्त्याने आल्काथारपर्यंत. ख्वान दुसरा याच्या मनोऱ्याला दीडशेच्या वर पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. ज्येष्ठांसाठी तिकीट मनोऱ्याशिवाय घ्या.

वेळ उरला तर सान मार्कोसच्या कुरणात खाली उतरा. किल्ला जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला दिसतो तो तिथूनच. परत चढायला ताकद आणि पाऊण तास हाताशी हवा.

सेगोविया सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे. मेमध्येही सकाळी अंगात स्वेटर लागतो.

## टप्पा ८: जेवणाच्या वेळा आराखड्यात लिहा

स्वयंपाकघरं दुपारी दीड ते चार आणि रात्री साडेआठ-नऊनंतर चालतात. साडेबाराला भूक लागून दारोदार फिरणं आणि संध्याकाळी सातला रिकाम्या हॉटेलात बसून राहणं, दोन्ही टाळता येतं. आराखड्यात दुपारचं जेवण दोनला लिहा आणि तेच मुख्य ठेवा. कामाच्या दिवशी ‘मेनू देल दिया’ मागा: दोन पदार्थ, गोड किंवा कॉफी आणि पाव, ठरावीक दरात. रात्री थोडकंच खा.

शाकाहारी मंडळींनी ‘व्हेहेतारियानो’ एवढ्यावर थांबू नये. सॅलडमध्ये ट्यूना मासा, सूपमध्ये हॅमचे तुकडे येतातच. म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन.’ अंडं नको असेल तर ‘सिन वेवो’ जोडा. पिमिएंतोस दे पाद्रोन (तळलेल्या छोट्या मिरच्या), गास्पाचो (थंड टोमॅटो सूप) आणि पिस्तो ही भाज्यांची उसळवजा डिश सहसा चालते, पिस्तोवर अंडं येऊ शकतं. सेगोवियातले ‘खुदिओनेस’ हे मोठे पांढरे वाल दिसायला आपले वाटतात, पण ते डुकराच्या मांसासोबत शिजवलेले असतात. माद्रिदमध्ये लावापिएस भागात भारतीय पद्धतीच्या खानावळी आहेत.

> सावधान: मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला मनाई आहे. पेढे, खवा, तूप घरीच ठेवा.

## टप्पा ९: जोडलेला आराखडा

- मंगळवार: पोहोचणं, मुक्काम, संध्याकाळी रेतिरो बाग. बाकी काही नाही.
- बुधवार: तोलेदो.
- गुरुवार: सकाळी राजवाडा, दुपारी जेवण आणि विश्रांती, संध्याकाळी रेईना सोफिया.
- शुक्रवार: सेगोविया.
- शनिवार: सकाळी प्रादो. दुपारी अल्काला किंवा शहरातच भटकंती. सूर्यास्ताला देबोद मंदिराचा परिसर. जूनअखेरीस सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरात सहाच्या आत. वेळ बघून निघा.
- रविवार: सकाळी रास्त्रो, संध्याकाळी विमान. बाजारात पाकीट पुढच्या खिशात आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत.

रजा शनिवार ते गुरुवार मिळाली असेल तर असं फिरवा: रविवारी रास्त्रो आणि प्रादो, सोमवारी सेगोविया, मंगळवारी तोलेदो, बुधवारी राजवाडा आणि रेईना सोफिया. बंद दार एकही लागत नाही.

पावसाचा दिवस आला तर गावं आणि माद्रिद यांची अदलाबदल करावीशी वाटेल. रेल्वेचं तिकीट बदलता येतं का हे तिकीट घेतानाच पाहून ठेवा. अदलाबदल करण्याआधी टप्पा १ मधला वारांचा कागद पुन्हा समोर घ्या. घाईत बदललेल्या आराखड्यातच मंगळवारची रेईना सोफिया परत शिरते.